पापणीचं ऑपरेशन म्हणजे डोळा उघडून कापणं नव्हे

‘वर ओढलेल्या पापणीचं ऑपरेशन केलं तर नजर जाते, त्यापेक्षा डोळ्यात मध घाला,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो. भीती स्वाभाविक आहे, पण ती चुकीच्या जागी आहे.

आरशात सरळ समोर बघा. वरची पापणी एरवी बुबुळाचा वरचा 1 ते 2 मिलिमीटर भाग झाकते. बुबुळाच्या वर पांढरं दिसत असेल, तर पापणी ओढली गेली आहे. याचं सर्वांत मोठं कारण थायरॉइडशी निगडित आजार. म्हणून आधी रक्ततपासणी.

शस्त्रक्रियेत डोळ्याचा गोळा उघडत नाहीत. पापणी उचलणारे स्नायू सैल करतात किंवा मागे सरकवतात. बहुधा जागा बधिर करूनच, कारण मध्येच रुग्णाला बसवून दोन्ही पापण्यांची उंची जुळवता येते. खरा त्रास होतो तो पापणी कमी-जास्त उतरण्याचा. कधी पुन्हा दुरुस्ती लागते. म्हणूनच आजार साधारण सहा महिने स्थिर राहिल्यावरच हात घालतात.

तोवर खानदेशातल्या उन्हाळ्यात, जळगाव-धुळ्याच्या कोरड्या धुळीत, उघडं बुबुळ लवकर सुकतं. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री जेल, बाहेर गॉगल. मध नकोच, तो निर्जंतुक नसतो. तंबाखूचा धूर आजार वाढवतो. रंग फिके दिसू लागले किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.