जिओकॅशिंग : गोव्याच्या डोंगररानातील डबाशोध

उपग्रहांच्या साहाय्याने मिळणाऱ्या अक्षांश-रेखांशांवरून रानात लपवलेला डबा हुडकायचा, आतल्या वहीत तारीख आणि टोपणनाव लिहायचे आणि डबा होता तसाच परत ठेवायचा, एवढाच जिओकॅशिंगचा व्यवहार. डब्याला ‘जिओकॅश’ किंवा नुसते ‘कॅश’ म्हणतात. रोकडीशी त्याचा संबंध नाही. लपवून ठेवलेला साठा असा त्या शब्दाचा अर्थ आहे. डब्यात कधी चाव्यांच्या साखळ्या, नाणी, खेळणी अशा बारीकसारीक वस्तू असतात. त्यांतली एक उचलली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची दुसरी आत टाकायची. वस्तू न घेतली तरी चालते, वहीतली नोंद मात्र चुकवायची नाही. सही नसेल तर शोध लागला असे धरत नाहीत.

हा खेळ एका सरकारी निर्णयातून निघाला. नागरी जीपीएस संकेतांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे यंत्र शंभर मीटरपर्यंत फसे. १ मे २००० च्या मध्यरात्री ही मिसळण बंद झाली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे निर्देशांक इंटरनेटवर जाहीर केले. ‘जिओकॅशिंग’ हा शब्द त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी सुचवला, आणि सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झाले. ती पहिली बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आज कोणी जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय असा डबा पुरला तर संकेतस्थळाचा तपासनीस तो मंजूर करणार नाही, कारण परवानगीशिवाय खणून लपवणे नियमाने बंद आहे.

आकडे वाचताना

कॅशचे निर्देशांक अंश आणि दशांश मिनिटे या पद्धतीने, डब्ल्यूजीएस-८४ या आधारावर (जीपीएस वापरते त्या जागतिक मोजणी-चौकटीवर) दिलेले असतात. बऱ्याच फसलेल्या मोहिमा इथेच फसतात. समजा आकडा आहे उ. १५° १२.५००′. कोणी तो १५ अंश १२ मिनिटे ५० सेकंद असा भरला, तर तो खऱ्या जागेच्या सुमारे ६१५ मीटर उत्तरेला जाईल. १५.१२५०० अंश असा भरला तर चूक ९ किलोमीटरांवर जाते. पहिली चूक जास्त घातक, कारण नऊ किलोमीटरांची चूक नकाशावर लगेच दिसते. सहाशे मीटरांची चूक मात्र त्याच डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर नेऊन सोडते आणि तिथेही शोधण्याजोगे दगड असतातच.

गोव्याच्या अक्षांशावर मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८४ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.७९ मीटर. म्हणजे शेवटचा आकडा एकदोनाने चुकला तरी फरक पडत नाही, मधला चुकला तर पडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने, एव्हरेस्ट आधारावरचे नकाशे वापरणाऱ्यांनी त्यांवरून आकडे उतरवू नयेत. दोन आधारांत इथे दीडशे मीटरच्या आसपास तफावत येते. चुंबकीय सुईचा प्रश्न मात्र गोव्यात जवळजवळ नाही. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक फार तर दीड अंशाचा आहे.

प्रत्येक कॅशला दोन श्रेणी असतात, १ ते ५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने. एक शोधाच्या अवघडपणाची, दुसरी वाटेची. वाटेची १ म्हणजे चाकाच्या खुर्चीतूनही पोहोचता येईल अशी जागा आणि ५ म्हणजे दोर, होडी असे खास साहित्य लागणारी. पारोड्याच्या चंद्रेश्वर डोंगरासारख्या, गाडीरस्ता बऱ्याच वर जाणाऱ्या जागेला २ च्या आसपास श्रेणी शोभते. सत्तरी तालुक्याच्या घाटउतारावर सरळ रेषेत तेवढ्याच अंतरावरची जागा ३.५ किंवा ४ ची होते. डब्याच्या आकाराचे शब्दही ठरलेले आहेत : १०० मिलिलिटरहून लहान तो मायक्रो, १ लिटरपर्यंत स्मॉल, २० लिटरपर्यंत रेग्युलर, त्यापुढचा लार्ज. दाट रानात मायक्रो लपवणे ही हुशारी नव्हे, छळ आहे. एक बोटभर नळी शोधायला दहा जण पालापाचोळा उपसतात आणि जागेची वाट लावतात.

शोधाची रीत

आधी घरी नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. मोले, नेत्रावळी, सुर्ला भागांत बऱ्याच ठिकाणी फोनला संकेत मिळत नाही. फोन टॉवर शोधत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी खाली बसते. विमान मोड लावला तरी जीपीएस चालूच राहते. फक्त निघण्यापूर्वी, संकेत असतानाच, उघड्यावर एकदा ठिकाण पकडून घ्यावे.

बाणाच्या मागे सरळ रेषेत चालू नये. अंतर ४०० मीटर दिसते आणि मध्ये व्हाळाची (ओढ्याची) खोल घळ असते. पायवाट, सोंड, खिंड यांचा अंदाज घेऊन वाट निवडावी आणि गाडी सोडताना गाडीचे ठिकाण यंत्रात नोंदवावे. परतीच्या वेळी तेच कामाला येते.

साधारण ३० मीटर उरले की यंत्राकडे बघणे थांबवावे. उघड्या सड्यावर (जांभ्याच्या सपाट पठारावर) फोन तीन ते पाच मीटरच्या आत खरे बोलतो, पण ओल्या पानांच्या दाट छताखाली किंवा कड्याच्या पायथ्याशी संकेत आपटून-आपटून येतात आणि चूक १५-२० मीटरवर जाते. लपवणाऱ्याच्या यंत्रानेही त्याच झाडाखाली मोजले होते, तेव्हा दोघांच्या चुका एकमेकींत मिसळतात. उपाय असा : पिशवी खाली ठेवून यंत्र दोन मिनिटे स्थिर धरावे, आकडा बसू द्यावा. मग ४० मीटर मागे, मोकळ्या जागी जाऊन बाणाची दिशा होकायंत्राने घ्यावी. असेच दुसऱ्या बाजूने करावे. दोन रेषा जिथे छेदतात तिथे काठी रोवून तिच्याभोवती आधी १० मीटर, मग २० मीटरचे वर्तुळ डोळ्यांनी चाळावे. डोळ्यांनी आधी, हातांनी नंतर.

बघायचे ते डबा नव्हे, माणसाचा हात. शेजारच्या दगडांवर शेवाळ आहे आणि एकावरच नाही. काटक्या एकाच लांबीच्या, एकाच दिशेने पडल्या आहेत. चपटा चिरा उभा टेकवला आहे. करवंदीच्या जाळीत पाऊल जाईल एवढीच फट आहे. गोव्यात लपवण्याच्या नेहमीच्या जागा म्हणजे पडीक बागायतीचे जांभ्याचे गडगे (दगडी बांध), वडा-पिंपळाच्या मुळांमधल्या कपारी, किंदळासारख्या जुन्या खोडांचे बुंधे. यांतल्या एकाही जागेत थेट हात घालू नये. आधी काठी, मग विजेरी, मग हात. जांभ्याच्या भेगा आणि गडगे ही फुरशाची आवडती जागा आहे, आणि फुरसे लहान असले तरी विषारी आहे.

सापडत नसेल तर संकेतस्थळावर त्या कॅशच्या पानावर दिलेली खूण, म्हणजे जागेचा इशारा, उघडावी. तिथे ती रोमन अक्षरे तेरा घरे सरकवून लिहिलेली असते. ही सरकवणी देवनागरीला लागू होत नाही, त्यामुळे मराठीत लिहिलेली खूण सगळ्यांना उघडीच दिसते. लपवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अर्ध्या तासात हाती लागले नाही तर थांबावे आणि ‘सापडला नाही’ अशी नोंद प्रामाणिकपणे टाकावी. बरेच जण ही नोंद कमीपणा वाटून टाळतात. मग डबा ठेवणाऱ्याला तो वाहून गेल्याचा पत्ताच लागत नाही आणि पुढचे चार गट रिकामे फिरतात.

सोबत हवी ती काठी, विजेरी, पेन्सिल, नळीतून नोंदीच्या कागदाची सुरळी ओढायला टोकदार चिमटा, कागदाची सुटी पट्टी, माणशी तीन लिटर पाणी. शाईचे पेन दमट कागदावर फुटते, म्हणून पेन्सिलच. उरकल्यावर डबा त्याच फटीत, त्याच तोंडाने, त्याच दगडाआड ठेवावा. ‘आणखी चांगला लपवतो’ म्हणून हात-दोन हात सरकवणे हा या खेळातला सर्वांत त्रासदायक परोपकार आहे.

डबा आणि पाऊस

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून अधिक, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. थंड देशांच्या सूचना वाचून बनवलेला डबा इथे पहिल्या पावसातच हरतो. स्वयंपाकघरातला, चारही बाजूंनी कड्या लागणारा आणि झाकणाला रबरी पट्टी असलेला डबा सर्वांत भरवशाचा. नुसते दाबून बसवायचे झाकण उन्हाने वाकडे होते. लहान कॅशसाठी बाटल्या फुगवण्यापूर्वीची जाड प्लास्टिकची नळी, म्हणजे प्रीफॉर्म, उत्तम. सिलिका जेलच्या पुड्यांवर फार विसंबू नये. इथल्या हवेत त्या डबा दोनचारदा उघडला की भरून जातात. वही आतल्या वेगळ्या झिप पिशवीत असावी.

कागदाला वाळवी लागते, लाकडी वेष्टनाला तर हमखास. साळिंदर प्लास्टिक कुरतडते. गोळ्या, चॉकलेट, सुगंधी साबण असले काही आत असेल तर मुंग्या आणि माकडे डब्याचा निकाल लावतात, म्हणून खाण्याची किंवा वासाची वस्तू टाकू नये. काडेपेटी आणि लायटर नियमानेच वर्ज्य आहेत. मार्च-एप्रिलात वाळलेल्या गवताच्या सड्यावर ते का, हे सांगायला नको. डबा शक्यतो पारदर्शक असावा आणि त्यावर देवनागरीत स्पष्ट लिहावे : हा खेळाचा डबा आहे, धोका नाही, जागेवर ठेवावा. लष्करी दारूगोळ्याच्या पेट्या परदेशात फार वापरतात. इथे तशी पेटी म्हणजे बेवारस वस्तूची तक्रार आणि पोलीस.

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागते. सुट्टीला आलेल्या पाहुण्याने डबा ठेवून निघून जाणे मान्य होत नाही. देखभाल करणारा जवळपास राहणारा माणूस दाखवावा लागतो.

जमीन कोणाची

रान म्हणजे मोकळी जागा, हा गोव्यातला मोठा गैरसमज. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्ये घाटाचा बहुतेक पट्टा व्यापतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही. प्रवेशाचे तिकीट म्हणजे आत वस्तू ठेवून येण्याची मुभाही नव्हे. वनरक्षकाला खोडाच्या ढोलीत लपवलेला डबा शिकाऱ्याचाच वाटला तर त्यात त्याची चूक नाही. दूधसागरला जाताना रेल्वेमार्गावरून चालणे हा गुन्हा आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात, ते घरून निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

अभयारण्याबाहेर जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक संस्थेची), भाटकाराची (जमीनदाराची) किंवा देवस्थानाची असते. फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम. बागायती पावणीत (लिलावात) घेतलेल्या असतात आणि बोंडू वेचणाऱ्यांना झुडपात वाकून काहीतरी शोधणारा अनोळखी माणूस चोर वाटतो. गावात आधी विचारावे. देवराईत डबा ठेवू नये, शोधूही नये. तिथली काडीसुद्धा उचलत नाहीत, आणि हा रिवाज खेळाहून खूप जुना आहे. अशा जागांसाठी ‘अर्थकॅश’ हा प्रकार योग्य : त्यात डबा नसतोच, जागेवर जाऊन खडक, पाणी किंवा भूरूप पाहून प्रश्नांची उत्तरे पाठवायची. जांभ्याचा सडा, नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी असे विषय त्याला आयतेच आहेत.

धोके

चालण्याचे दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात जळवा असतात. मिठाचे किंवा तंबाखूचे पाणी मोज्यांना लावतात. कोरड्या ऋतूत त्यांची जागा गोचीड घेते आणि तिची गोष्ट वेगळी आहे. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर नेमका जानेवारी ते मे असतो. पाचोळ्यात बसून शोध घेणे म्हणजे तिला आमंत्रण. पूर्ण बाह्या, विजार मोज्यांत खोचलेली, कीटकरोधक मलम, घरी येताच गरम पाण्याची आंघोळ आणि कपडे वेगळे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

साप चावल्यास चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काही न करता पाय हलू न देता १०८ बोलवावी. सोडून दिलेल्या चिरेखाणींच्या कडा गवताने झाकलेल्या असतात आणि खाली पाणी साचलेले असते. गवा दिसला तर वाट त्याची समजून मागे फिरावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण घाटाच्या पोटात अर्धा तास आधीच अंधारते. तीन वाजता शोध संपलाच पाहिजे. परदेशी मित्र उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र घेऊन येत असतील तर त्यांना आधीच सावध करावे. परवान्याशिवाय ते भारतात बाळगता येत नाही आणि गोव्याच्या विमानतळावर त्यापायी प्रवाशांना पकडलेले आहे. 

व्हाळाकाठचा डबा मेअखेरीस उचलून घरी न्यावा आणि पानावर तो तात्पुरता बंद असल्याचे नोंदवावे. सप्टेंबर सरल्यावर परत ठेवताना निर्देशांक नव्याने मोजावेत, कारण तोवर मधला मोठा धोंडा खाली गेलेला असतो आणि ज्या मुळाचा आधार होता ते मूळही.