गडावरची भजी कोणत्या खात्यात?

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पुणे दरवाज्यातून आत गेलं की दहा मिनिटांत दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, 'या, बसा, भजी गरम आहेत.' दुसरं, नुकत्याच चढून आलेल्या कुणीतरी मनगटाकडे बघत म्हटलेलं, 'आठशे कॅलरी जळल्या, आता खायला हरकत नाही.' मग पिठलं येतं, भाकरी येते, मडक्यातलं दही येतं आणि भज्यांची दुसरी प्लेटही येते. वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजणाऱ्यांचा सगळा घोळ या दुसऱ्या वाक्यात आहे. व्यायामात जळलेल्या कॅलरी हिशेबात धरायच्या का, आणि धरल्या तर तेवढं जास्त खायचं का?

आधी त्या आठशेची तपासणी करू. त्याला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. आतकरवाडीपासून वरपर्यंतचा चढ ढोबळमानाने ६०० मीटर आणि चढणारा ७० किलोचा धरू. ७० गुणिले ९.८ गुणिले ६०० म्हणजे ४,११,६०० ज्यूल. आहारातल्या एका कॅलरीत ४,१८४ ज्यूल असतात. भागाकार केला की उत्तर येतं ९८. (आहारातली कॅलरी ही खरं तर किलोकॅलरी, म्हणजे एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता. बोलताना त्यातला 'किलो' आपण सगळ्यांनी मिळून केव्हाच गिळून टाकला आहे.)

एवढी धाप लागली आणि फक्त ९८? नाही. स्नायू हे फार काटकसरी यंत्र नव्हे. त्यांनी शंभर कॅलरी जाळल्या तर वीस-पंचवीसच वजन उचलण्याच्या कामी येतात, बाकीच्यांची उष्णता होते. घाम येतो तो त्यामुळेच. तेव्हा चढाचा खरा खर्च चारशे ते पाचशेच्या दरम्यान. उतरताना लागते ती ऊर्जा चढाच्या मानाने थोडीच, गुडघे कितीही कुरकुरले तरी.

बरं, साडेचारशे तर साडेचारशे, असं म्हणून ते खात्यात जमा करावेत का? इथे पहिली वजाबाकी राहून जाते. तो तासभर तुम्ही घरी सोफ्यावर काढला असता तरी शरीराने सत्तर-पंचाहत्तर कॅलरी खर्च केल्याच असत्या. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं सुट्टी घेत नाहीत. दिवसभराच्या खर्चाचा अंदाज बांधताना हा विश्रांतीतला खर्च आधीच धरलेला असतो. म्हणजे चढाने दिलेली भर पावणेचारशेच्या आसपास. बरीच ॲप आणि घड्याळं मात्र एकूण आकडाच दाखवतात, आणि आपण तो आख्खा खाऊन टाकतो.

घड्याळाला तरी काय कळतं? नाडीचे ठोके, हाताची हालचाल आणि तुम्ही भरलेलं वय-वजन. त्यावरून ते अंदाज करतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली. ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. वजनाचा काटा असा चुकला तर आपण भाजीवाल्याशी भांडू. घड्याळाशी मात्र कुणी भांडत नाही. चूक आपल्याला आवडेल त्या बाजूला असली की तक्रार कशाला?

घड्याळ नसलेल्यांसाठी तक्ते असतात. त्यांचं एकक 'मेट'. शांत बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, साधारण दर किलोला दर तासाला एक कॅलरी. ताशी पाच किलोमीटरने चालणं म्हणजे साडेतीन मेटच्या आसपास. कल्पना सुटसुटीत आहे, पण तिचा पायाच थोडा कललेला आहे. एक मेट म्हणजे किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन, हे प्रमाण ७० किलोच्या, चाळिशीतल्या एका पुरुषावरून आलं असं सांगतात. २००५ मध्ये ७६९ जणांचं प्रत्यक्ष मोजमाप प्रसिद्ध झालं तेव्हा सरासरी निघाली २.६. मुळातला 'एक'च जर एवढा फुगलेला, तर त्याच्या साडेतीनपटीचं काय सांगावं?

दुसरी चूक याहून महागात पडते आणि ती ॲप सुरू करताना पहिल्याच पानावर होते. 'तुमची जीवनशैली: बैठी, मध्यम, कष्टाची.' रोज तासभर जिमला जाणारा माणूस स्वतःला बैठा म्हणवून घेत नाही. तो 'मध्यम' निवडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार ६५ किलोच्या बैठ्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी लागतात आणि मध्यम कष्टाच्या पुरुषाला २,७१०. फरक सहाशेचा. आता उलट हिशेब करा. याच माणसाने ताशी पाच किलोमीटरने चालून, विश्रांतीतला खर्च वजा जाता, हे सहाशे मिळवायचे ठरवले तर तासाला मिळतात साधारण १६२. म्हणजे रोज पावणेचार तास चालावं लागेल! 'मध्यम' हा शब्द दिवसभर उभं राहून, हिंडून-फिरून काम करणाऱ्यासाठी आहे. सकाळी तासभर घाम गाळून मग आठ तास खुर्चीत बसणाऱ्यासाठी नाही. त्यात तोच माणूस रोजचा जिमही वेगळा नोंदवतो. एकच व्यायाम दोनदा जमा झाला, आणि दोन्ही वेळा फुगवून. स्त्रियांचे आकडे १,६६० आणि २,१३०, गोम तीच.

आतापर्यंतच्या चुका आपल्या होत्या. आता शरीराच्या लबाडीकडे वळू. मला या विषयातला सर्वांत चविष्ट भाग हाच वाटतो.

माणूस दिवसभरात, त्याच्या नेहमीच्या जगण्यात, नेमकी किती ऊर्जा खर्च करतो हे मोजायची एक सुंदर युक्ती आहे. त्याला जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन (नेहमीच्यापेक्षा वजनदार, म्हणून माग काढता येणारे अणू) असलेलं पाणी प्यायला द्यायचं. हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो पाण्यातून. ऑक्सिजन पाण्यातूनही पडतो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. मग आठ-पंधरा दिवस लघवी तपासून दोन्हींच्या घटण्याच्या वेगातला फरक काढला, की किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला ते कळतं, आणि त्यावरून किती इंधन जळलं ते. ना तोंडावर मुखवटा, ना बंद खोली.

ही युक्ती घेऊन मानवशास्त्रज्ञ हर्मन पॉन्त्झर आणि त्यांचे सहकारी टांझानियातल्या हाडझा लोकांकडे गेले. हे लोक शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: शरीराचा आकार हिशेबात घेतला तर हाडझांचा दिवसाचा एकूण खर्च युरोप-अमेरिकेतल्या खुर्चीवर बसणाऱ्यांइतकाच! हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे हात आखडता घेतं, असा पॉन्त्झर यांचा तर्क. हे कितपत आणि कसं होतं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांच्या अशाच मोजमापांतून दिसलं की हालचालीत जास्तीच्या १०० कॅलरी जळल्या तर दिवसाच्या बेरजेत सरासरी ७२ च दिसतात, २८ शरीर कुठेतरी वळते करून घेतं. अंगावर चरबी जास्त असलेल्यांमध्ये ही वळती जवळजवळ निम्म्यापर्यंत जाते. म्हणजे ज्याला वजन उतरवायचं आहे त्याच्याकडूनच जास्त वसुली. आपल्या पावणेचारशेचे इथे पावणेतीनशेच्या खाली येतात. साठ ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी दोनशेची असते आणि भाकरीसोबत पिठलंही येतं, तेलाची धार घेऊन. चमचाभर तेल ४५ कॅलरींचं. भज्यांचा विषय मी काढत नाही.

शिवाय भूक आहेच, आणि भुकेपेक्षाही 'आज केलंय ना' ही भावना. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशा दहा जणांना तपासलं ज्यांचं म्हणणं होतं, 'आम्ही १,२०० कॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन हलत नाही.' त्यांचा चयापचय अगदी सरळ निघाला. जड पाण्याच्याच युक्तीने पाहिलं तेव्हा कळलं की ते खाल्लेलं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि श्रम ५१ टक्के जास्त. ही माणसं खोटारडी होती असं मी म्हणणार नाही. फोडणीतलं तेल, डबा भरताना तोंडात टाकलेले दाणे, नातवाच्या ताटातली उरलेली पोळी, हे कुणाला आठवतं?

मग करायचं काय? माझं मत असं: व्यायाम जरूर लिहा, पण कॅलरींत लिहू नका. मिनिटं लिहा, किलोमीटर लिहा, किती किलो उचलले ते लिहा. माझ्या वहीत डाव्या बाजूला खाणं असतं आणि उजवीकडे नुसतं 'सिंहगड, ५८ मिनिटं'. त्यापुढे आकडा नाही. कारण तो आकडा दुसरं एक उपकरण फुकट आणि जास्त नेमका काढून देतं: वजनकाटा.

ते असं. चार आठवडे खाणं प्रामाणिकपणे नोंदवा आणि व्यायाम नेहमीसारखा चालू ठेवा. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा, पण बघा फक्त आठवड्याची सरासरी. रोजचा आकडा किलो-दीड किलोने सहज झुलतो. आदल्या दिवशी लोणचं-पापड झाले तर पाणी धरलं जातं, नवा व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंतही पाणी साचतं. पहिल्या पंधरवड्यात घाबरून व्यायाम सोडणारे बहुतेक याच पाण्याला फसतात. आता समजा, महिन्याच्या नोंदींची सरासरी आली दिवसाला १,८०० आणि २८ दिवसांत वजन उतरलं १.२ किलो. किलोभर चरबीमागे ७,७०० कॅलरी हा जुना ठोकताळा. १.२ गुणिले ७,७०० भागिले २८, म्हणजे ३३०. तुमचा दिवसाचा खर्च १,८०० अधिक ३३०, म्हणजे २,१३०. यात जिम आली, गड आला, जिना आला, शरीराने वळते केलेले २८ टक्केही आले. आणि गंमत म्हणजे तुम्ही फोडणीतलं तेल रोज लिहायला विसरत असाल तर ती चूकही यात मुरली. आकडा खरा नसेल, पण तुमच्या वहीच्या भाषेत तो बरोबर चालतो. विसरण्यात सातत्य हवं, एवढीच अट!

दिवसाच्या खर्चाचा हा आकडा कायमचा नाही. वजन उतरलं की लहान झालेल्या शरीराचा खर्चही उतरतो, तेव्हा दीड-दोन महिन्यांनी गणित पुन्हा मांडायचं.

यावरून व्यायाम निरुपयोगी, असा अर्थ काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. अमेरिकेत दहा महिने आठवड्यातून पाच दिवस, देखरेखीखाली, दर वेळी ४०० कॅलरी जाळायला लावलेल्यांचं वजन आहार न बदलता सरासरी ३.९ किलोने उतरलं, ६०० वाल्यांचं ५.२ किलोने. २०१३ चा अभ्यास आहे. कागदावरच्या गुणाकारापेक्षा कमी, पण शून्य नव्हे. वजन उतरताना स्नायू टिकतात ते व्यायामाने, आणि उतरलेलं वजन वर्षानुवर्षं राखणाऱ्यांत तासाभराचा व्यायाम करणारेच जास्त दिसतात.

काहींना मात्र खर्च धरावाच लागतो. मॅरेथॉनची तयारी करणारा रविवारी तीस किलोमीटर धावतो. दर किलोला दर किलोमीटरमागे एक कॅलरी या हिशेबाने ६५ किलोच्या माणसाचे ते १,९५० होतात. एवढ्या खड्ड्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढचे दोन दिवस फ्रिजच ठरवतो काय खायचं ते. अशांनी निदान निम्मं तरी वाढवून खावं, आणि त्या दिवसाआधीपासूनच. भरपूर व्यायाम करणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या मुलींची पाळी लांबली किंवा थांबली तर तो वजन 'छान' उतरत असल्याचा पुरावा नाही, शरीराने दुकान बंद करायला घेतल्याची खूण आहे. तेव्हा वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी 'व्यायामाचं खायचं नाही' हा नियम स्वतःच्या मनाने लावू नये. गडाच्या अर्ध्या वाटेवर साखर घसरली तर खिशातली चिक्की तिथेच खायची.