कागदाचा गोल पाव आणि गाउसचं प्रमेय

तीन सेंटिमीटरच्या चौकोनी कागदातून पिझ्झाचा तुकडा करायला मला दहा मिनिटं लागतात. आईस्क्रीमचा कोन त्याहून लवकर होतो. सँडविच, कलिंगडाची फोड, सुशीची गुंडाळी हेही पदार्थ कागद खुशीनं होऊ देतो. बर्गर करायला बसले की मात्र वरचा गोल पाव अडतो. कडेला सुरकुत्या पडतात, त्या दाबाव्यात तर माथ्यावर कोपरे उमटतात. ओरिगामीच्या, म्हणजे कागदाला घड्या घालून वस्तू करण्याच्या, या छंदात नव्यानं आलेल्यांना वाटतं की आपला हात अजून बसलेला नाही, किंवा कागद हलक्या प्रतीचा निघाला. हात कितीही बसला तरी ही अडचण संपत नाही, कारण तिचं मूळ भूमितीत आहे. कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञानं ते 1827 साली उलगडून दाखवलं.

आधी कागदाचा स्वभाव पाहू. कागद वाकतो सहज, पण ताणला जात नाही. जाडी निम्मी केली की ताणायला लागणारं बळ निम्मं होतं, पण वाकवण्याचा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे घटतो, म्हणजे एकदम आठव्या हिश्शावर येतो. पातळ कागदाला त्यामुळे वाकणं अगदी स्वस्त पडतं आणि ताणलं जाणं महाग. काही टक्के ताणला की तो फाटतोच.

आता गाउसकडे. कोणत्याही पृष्ठभागावरचा एक बिंदू घ्या. तिथून जाणाऱ्या सगळ्या दिशांपैकी एका दिशेनं पृष्ठभाग सगळ्यात जास्त वळलेला असतो आणि तिच्या काटकोनात सगळ्यात कमी. या दोन वळणांचा गुणाकार म्हणजे त्या बिंदूची गाउस वक्रता. सपाट कागदाची दोन्ही वळणं शून्य, गुणाकार शून्य. कागदाची नळी केली तर एका दिशेला वळण आलं, पण नळीच्या लांबीच्या दिशेला ते शून्यच राहिलं, म्हणून गुणाकार पुन्हा शून्य. चेंडू दोन्ही दिशांनी एकाच बाजूला वळलेला असतो, त्याचा गुणाकार धन. घोड्याच्या खोगिरासारख्या बटाटा वेफरची एक दिशा वर आणि दुसरी खाली वळते, त्याचा गुणाकार ऋण.

गाउसनं सिद्ध केलं की पृष्ठभाग न ताणता, न फाडता कितीही वाकवला तरी हा गुणाकार बदलत नाही. या निष्कर्षावर तो स्वतःच इतका खूश झाला की त्यानं त्याला लॅटिनमध्ये ‘थिओरेमा इग्रेजियम’, म्हणजे ‘विलक्षण प्रमेय’, असं नाव दिलं. मला ते नाव अतिशय आवडतं.

सुशीची गुंडाळी आणि आईस्क्रीमचा कोन लवकर का होतात, हे आता कळतं. टोक सोडलं तर शंकूची वक्रता सगळीकडे शून्यच असते. पिझ्झाचा खरा तुकडा हातात धरल्यावर टोक खाली लोंबू नये म्हणून आपण कडेला बोटानं पन्हळीसारखा बाक देतो, त्यातही हेच प्रमेय राबत असतं. रुंदीच्या दिशेला वळण आलं, गुणाकार तर शून्यच राहायला हवा, म्हणून लांबीच्या दिशेला तुकडा ताठ राहतो. कागदाच्या तुकड्यालाही तसाच बाक द्या, तो टेबलाच्या कडेबाहेर न लोंबता उभा राहील.

पाव मात्र दोन्ही दिशांनी फुगलेला असतो. अडचण किती मोठी आहे, हे मोजूनच पाहू. पाव 2 सेंटिमीटर व्यासाचा अर्धगोल आहे असं धरा. माथ्यापासून कडेपर्यंत पृष्ठभागावरून चालत गेलं तर 1.57 सेंटिमीटर अंतर पडतं. तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ कागदातून घेतलं तर त्याचा परीघ 9.87 सेंटिमीटर भरतो, आणि पावाच्या कडेला लागतो फक्त 6.28. उरलेले 3.59 सेंटिमीटर, म्हणजे परिघाचे 36 टक्के, कुठेतरी लपवायला हवेत. ताणून किंवा दाबून एवढा फरक भरून काढणं कागदाला कदापि शक्य नाही.

लपवायचा मार्ग म्हणजे चुण्या. माथ्यापासून कडेकडे रुंद होत जाणाऱ्या 16 चुण्या घातल्या तर प्रत्येकीला कडेजवळ सव्वादोन मिलिमीटर कागद गिळावा लागतो. चुणीत कागद एकदा मागे जातो आणि पुन्हा पुढे येतो, त्यामुळे ती जेमतेम 1.1 मिलिमीटर खोल होते. नखानं एवढी घडी घालता येते, नाहीतर चिमटा घ्यावा. खरा स्वयंपाकही हेच करतो. मोमोची गोल पारी गोळा करताना तोंडाशी चुण्या घालाव्या लागतात, आणि कपकेकखालची कागदी वाटी झालरीसारखी असते तीही जास्तीचा परीघ सामावून घेण्यासाठीच.

वेफरची अडचण याच्या बरोबर उलटी. तिथे कडेला परीघ कमी पडतो. त्यावर एक सुंदर घडी आहे. चौकोनात चौकोन, त्यात आणखी लहान चौकोन, आणि त्यांच्या कडांवर आळीपाळीनं डोंगरघडी (जिची कड वर येते) आणि दरीघडी (जिची कड खाली जाते). सगळ्या घड्या आवळल्या की कागद आपोआप खोगिराच्या आकारात उसळतो. 1920 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिक्षक योझेफ आल्बर्स यांचे विद्यार्थी हा आकार करत. एरिक आणि मार्टिन डिमेन या बापलेकांनी सहकाऱ्यांसह 2009 मध्ये दाखवलं की शून्य जाडीच्या आदर्श कागदावर फक्त एवढ्याच घड्या घातल्या तर हा आकार अस्तित्वातच येऊ शकत नाही. सरळ घड्यांनी वेढलेली प्रत्येक पट्टी पूर्ण सपाट राहायला हवी, आणि हातातल्या कागदाच्या पट्ट्या तर पिळलेल्या दिसतात. याचा अर्थ खरा कागद गुपचूप बारीक जादा घड्या पाडून घेतो किंवा कणभर ताणला जातो. जवळजवळ ऐंशी वर्षं लोक जो आकार करत आले, तो गणिताच्या कागदावर होतच नव्हता!

आकार लहान होत गेला की आणखी एक शत्रू पुढे येतो, जाडी. पदार्थ छोटा होतो, पण कागद तेवढाच जाड राहतो. कागदाची घडी सातपेक्षा जास्त वेळा घालता येत नाही, हा समज सगळीकडे आढळतो. सात या आकड्यात काहीही गूढ नाही. ब्रिटनी गॅलिव्हन या अमेरिकन शाळकरी मुलीनं 2002 मध्ये सुमारे 1,200 मीटर लांब टॉयलेट पेपरला 12 घड्या घातल्या आणि किती घड्यांना किती लांबी लागते याचं सूत्रही मांडलं. प्रत्येक घडीच्या वळणात थोडा कागद खर्ची पडतो आणि हा खर्च झपाट्यानं वाढत जातो. 0.1 मिलिमीटर जाडीच्या साध्या कागदाला एकाच दिशेनं सात घड्या घालायच्या तर सूत्राप्रमाणे सुमारे 88 सेंटिमीटर लांबी हवी. पाच घड्यांना जवळजवळ 6 सेंटिमीटर लागतात. आपल्या तीन सेंटिमीटरच्या तुकड्यात चारच बसतात. जाडी निम्मी केली तर पाचवी कशीबशी बसते. लहान पदार्थांसाठी पातळ कागद शोधायचा तो यासाठी. कोझो या तुतीच्या जातकुळीतल्या झाडाच्या सालीपासून केलेला जपानी वाशी कागद इथे उपयोगी पडतो, कारण त्याचे तंतू सुमारे एक सेंटिमीटर लांब असतात आणि कागद पातळ असूनही सहज फाटत नाही. लाकडाच्या लगद्यातले तंतू साधारण 1 ते 3 मिलिमीटरचे असतात.

सातच्या समजुतीसारखंच आणखी एक खूळ खटकतं. दोन्ही हातांनी घड्या घातल्या की मेंदूचे दोन्ही भाग ‘जागे’ होतात आणि बुद्धी वाढते, असं सांगून शिबिरं विकली जातात. मेंदूचे दोन्ही अर्धगोल आपण काहीही करत असलो तरी कामातच असतात. मुलांना घड्या शिकवायला कोन, सममिती आणि अपूर्णांक ही कारणं भरपूर आहेत, खोट्या आश्वासनाची गरज नाही.

पुन्हा पावाकडे येते, कारण चुण्यांशिवायही तो थोडाफार फुगवता येतो. जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा (1911–2005) यांनी ओल्या कागदाच्या घडीची पद्धत रुजवली. कागद ज्या सेल्युलोजचा बनतो, त्याचे तंतू एकमेकांना हायड्रोजन बंध या कमकुवत रासायनिक जोडण्यांनी धरून असतात. पाणी या बंधांच्या मध्ये शिरतं आणि तंतू एकमेकांवरून किंचित सरकू लागतात. म्हणजे गाउसची ‘न ताणता’ ही अटच आपण सैल करतो. यासाठी जरा जाड कागद घ्यावा, नुसता दमट करावा, चिंब नाही. चार चुण्या कमी घालून उरलेला फुगवटा बोटाच्या टोकानं आतून हलके दाबत काढावा आणि पाव गोटीवर बसवून वाळू द्यावा. पाणी उडून गेलं की बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. गोटी काढल्यावरही पाव तसाच राहतो, आणि नखानं टिचकी मारली तर टक् असा आवाज येतो.