शेवटच्या आजारातली शुश्रूषा आणि नर्सचं मन (बेळगाव सीमाभाग)

आजार आता बरा होत नाही हे ठरल्यावर पेशंटचं दुखणं, धाप, भीती कमी करत राहायचं, ही शेवटच्या आजारातली शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचाच (त्रास हलका करणाऱ्या उपचारांचाच) शेवटचा टप्पा. निर्णय डॉक्टर आणि घरचे घेतात खरं, पण डॉक्टर राउंडला पाच मिनिटं येतात आणि रात्रभर खाटेपाशी असते ती सिस्टर, म्हणून माणूस कसा जातो हे बरंचसं तिच्या मनात काय बसलंय त्यावर ठरतं.

मॉर्फिनचंच बघा, अफूपासूनचं हे जोरदार दुखणं कमी करणारं औषध. सवय लागेल, श्वास थांबेल ही भीती नर्सच्याही मनात असते, कॅन्सरच्या दुखण्यात डोस बेताने वाढवत नेला तर तसं सहसा होत नाही, तरी "आत्ताच दिलंय की" म्हणून पुढचा डोस लांबतो आणि पेशंट तळमळत राहतो. २०१४ ला एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं केलं, मनातली भीती कायद्याने जात नाही.

आपल्याकडे त्यात भाषेची भर. खानापूर-निपाणीकडची आजी जन्मभर मराठीच बोललेली, सिस्टर कन्नड, "नोवु इदेया अज्जी?" (दुखतंय का आजी?) विचारलं की आजी नुसती मान हलवते आणि चार्टवर दुखणं नाही असं पडतं. कपाळावरच्या आठ्या बघणारी, "कुठं दुखतंय" एवढं मराठी शिकलेली सिस्टर इथं औषधाइतकीच लागते. घरचे बाहेर म्हणतात त्यांना काही सांगू नका, आणि रात्री पेशंट तिलाच विचारतो, मी वाचतो का गं? खोटा धीर द्यायचा नाही आणि एकदम सगळं अंगावर टाकायचंही नाही, "तुम्हाला काय वाटतंय काका?" म्हणून ती स्टूल ओढून बसली तर अर्धं काम होतं.

नर्सच्या मनाचं वजन किती असतं हे अरुणा शानबाग यांच्या केसमध्ये दिसलं. त्या कर्नाटकातल्याच, हळदीपूरच्या, स्वतः नर्स. १९७३ च्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्सेसनी त्यांना ४० वर्षांहून जास्त सांभाळलं, दयामरणाला विरोध केला, आणि २०११ ला सुप्रीम कोर्टाने तो मानला. त्याच निकालात कोर्टाने कडक अटींवर उपचार थांबवायची वाटही उघडली, २०१८ ला लिव्हिंग विलला (शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता आली, २०२३ ला त्याची प्रक्रिया सोपी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने त्याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. व्हेंटिलेटर काढला म्हणजे शुश्रूषा संपली असं नाही, हे नर्सला पटलेलं असणं फार गरजेचं.

पुष्कळ घरचे शेवटी "आपल्या उंबऱ्याआत जाऊ दे" म्हणून पेशंटला घरी नेतात. चांगली सिस्टर तेव्हा नुसता डिस्चार्जचा कागद हातात देत नाही, दोन-दोन तासांनी कूस कशी बदलायची, ओठ ओल्या कापसाने कसे पुसायचे हे सुनेला करून दाखवते, आणि तुळशीपत्र ठेवा पण गंगाजल तोंडात ओतू नका, ठसका लागतो, एवढंही आठवणीने सांगते.