भुईआवळी आणि कावीळ: नातं जुनं, पण ओळख घोळाची

पावसाळ्यात दोन गोष्टी बरोबरच येतात. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ आणि बांधावर, फरशीच्या फटीत, कुंडीच्या कडेला उगवणारी भुईआवळी. वीत-दोन वीत उंचीचं रोप, आवळ्यासारखी बारीक पानं आणि डहाळी उलटी केली की पानांखाली ओळीनं लागलेली मोहरीपेक्षा थोडी मोठी फळं. ज्या दिवसांत रोग, त्याच दिवसांत हिरवंगार औषध दाराशी. या दोघांची जोडी घराघरात पक्की व्हायला हा योगही कारण असणार.

मात्र ही जोडी सुरुवातीपासूनची आहे असं समजू नये. चरकसंहितेच्या दहा-दहा औषधींच्या गणांत भुईआवळी 'तामलकी' या नावानं येते, ती कासहर आणि श्वासहर गणांत. म्हणजे खोकला आणि दम्यासाठी. च्यवनप्राशाच्या पाठात ती आहे तीही याच अंगानं. आज मात्र नाव काढताच यकृत आठवतं, इतका तिचा मान एका बाजूला झुकला आहे.

घरगुती रीत साधी आहे. फळं धरलेलं कोवळं रोप मुळासकट उपटायचं, माती पूर्ण जाईपर्यंत तीन-चार पाण्यांत धुवायचं, पाट्यावर वाटायचं आणि ते वाटण दुधातून किंवा ताकातून सकाळी अनशापोटी घ्यायचं. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात मात्रा दिली आहे: रस १० ते २० मिली किंवा चूर्ण ३ ते ६ ग्रॅम. चुकतं ते बहुधा वाळवताना. फायलँथिन आणि हायपोफायलँथिन ही तिची नावाजलेली द्रव्यं मुख्यतः पानांत असतात, काड्यांत फारच थोडी. पोत्यात भरलेल्या वाळक्या मालाची पानं चुरा होऊन तळाशी बसतात आणि गिऱ्हाइकाच्या पुडीत काड्याच येतात. म्हणून सावलीत वाळवावं आणि खाली पडलेला पाल्याचा चुरा टाकू नये. दुसरं असं की ही दोन्ही द्रव्यं पाण्यात फारशी उतरत नाहीत. काढा गाळून चोथा फेकला तर ती चोथ्याबरोबरच जातात. अख्खं वाटण पोटात घेण्याची जुनी रीत या बाबतीत काढ्यापेक्षा बरी.

खरा घोळ ओळखीचा आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये 'फायलँथस निरुरी' हे नाव दिलं, ती वनस्पती अमेरिका खंडातली. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरच्या ब्रिटिश इंडियाच्या वनस्पतिकोशात तेच नाव आपल्याकडच्या रोपांना लागलं आणि पुढची कित्येक दशकं पुस्तकांत आणि बाटल्यांवर तेच छापलं गेलं. आपल्याकडे त्या नावाखाली विकली जातात ती प्रामुख्यानं फायलँथसच्याच दुसऱ्या दोन जाती, अमारस आणि फ्रॅटर्नस. भिंग घेतलं तर फरक दिसतो: अमारसच्या फुलाला पाच दलं, फ्रॅटर्नसच्या फुलाला सहा. फायलँथिन भरपूर असतं ते अमारसमध्ये. फ्रॅटर्नसमध्ये जवळपास नाहीच. औषधकोशात मात्र तामलकी म्हणून नोंद आहे ती फ्रॅटर्नसची! तिसरी युरिनारिया; तिची फळं खरखरीत आणि जवळजवळ बिनदेठाची, खोड बऱ्याचदा तांबूस. गावात या तिघींनाही भुईआवळीच म्हणतात.

या घोळाला वैज्ञानिक वळण मिळालं ते १९८०च्या दशकात. हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधाबद्दल १९७६ चं नोबेल मिळालेले बारूक ब्लुमबर्ग आणि मद्रासचे एस. पी. त्यागराजन यांच्या गटानं १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले: अमारसचं चूर्ण २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, ३० दिवस. औषध घेतलेल्या बी-वाहकांपैकी (अंगात बी-विषाणू बाळगणाऱ्यांपैकी) ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठप्रतिजन, म्हणजे संसर्गाची खूण असलेलं त्याच्या आवरणावरचं प्रथिन, गेलं. नुसतं दिखाऊ औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के. जगभर खळबळ उडाली. पण पुढे इतर ठिकाणी केलेल्या चाचण्यांत तसा परिणाम मिळाला नाही. वनस्पतीची जात, तोडणीचा हंगाम, रुग्णांची निवड अशी कारणं पुढे केली गेली. तरी बी-हिपॅटायटिसवरचा उपाय म्हणून भुईआवळी उभी राहू शकली नाही.

मग घरोघरचा अनुभव खोटा का? नाही. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपसूक उतरते. त्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. म्हणूनच काविळीचा प्रकार आधी ठरवणं महत्त्वाचं. शौच मातकट पांढरं, अंगाला खाज आणि लघवी गडद असेल तर पित्तनलिका अडलेली असू शकते. तिथे पाला वाटण्यात दिवस घालवणं घातक. गरोदरपणात ई-कावीळ जिवावर बेतते. रुग्ण बरळू लागला, दिवसा सारखी झोप येऊ लागली किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावं. भुईआवळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर, कारण तिच्यानं साखर उतरू शकते.