छापलेला कागद नीट पडावा म्हणून

टेबलावरून एखादा कोरा कागद खाली पडताना नीट बघितलाय का कधी? दगडासारखा सरळ खाली येत नाही तो, आधी एका बाजूला झोका घेतो, मग दुसऱ्या, आणि आता फरशीला टेकला असं वाटतं तेवढ्यात सर्रकन घसरून कपाटाखाली जातो. आता हाच कागद मिनिटाला शंभर वेळा, तासनतास, एकाच जागी, एकावर एक, कडेला कड लावून पडला पाहिजे असं काम कुणी दिलं तर? मोठ्या डिजिटल प्रिंटिंग मशीनच्या शेवटी कपाटाएवढं एक यंत्र जोडलेलं असतं, स्टॅकर म्हणतात त्याला, ते दिवसभर हेच करत असतं.

मी पुण्यात एका डिजिटल प्रेसमध्ये ऑपरेटर आहे. प्रेसमध्ये येणारी माणसं छपाई बघतात, रंग बघतात, मशीनचा स्पीड विचारतात, स्टॅकरकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त विज्ञान तिथेच आहे, कारण कागदाने मशीनच्या आत जे जे सोसलेलं असतं ते सगळं तिथे येऊन दिसतं.

आधी स्टॅकरच्या आत काय असतं ते सांगतो. छापलेला कागद रोलरमधून आत येतो, तिथे एक फाटा असतो, एक-दोन सॅम्पल काढायची असतील तर कागद वरच्या ट्रेमध्ये जातो, मोठी ऑर्डर असेल तर खालच्या मोठ्या ट्रेवर. हा खालचा ट्रे लिफ्टसारखा वरखाली होतो. सुरुवातीला तो पार वर असतो आणि थप्पी वाढेल तसतसा हळूहळू खाली सरकतो, म्हणजे थप्पीचा माथा कायम एकाच उंचीवर राहतो आणि प्रत्येक कागदाला जेमतेम दोन-चार सेंटीमीटरच पडावं लागतं. समोर एक स्टॉपर, कागद त्याला जाऊन थांबतो. बाजूला दोन पट्ट्या, त्या प्रत्येक कागदाला दोन्हीकडून हलकं थोपटून सरळ करतात, आपण पत्ते पिसल्यावर गठ्ठा दोन्ही हातांनी ठोकून घेतो ना अगदी तसं, याला जॉगिंग म्हणतात. आणि कुठे कुठे रबराची छोटी वल्ही फिरत असतात, ती कागदाला ओढून स्टॉपरपर्यंत नेतात.

थोडा हिशोब करून बघा. मिनिटाला १०० पानं म्हणजे एका पानाला ०.६ सेकंद. साधा ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद साधारण ०.१ मिलीमीटर जाड, म्हणजे १०० पानांची थप्पी एक सेंटीमीटर, म्हणजे ट्रेला मिनिटाला एक सेंटीमीटर या वेगाने खाली जायचंय आणि तेही न चुकता. वजनाचं गणितही सोपं आहे, ए-फोरची १६ पानं शेजारी शेजारी मांडली की बरोबर एक चौरस मीटर होतो, म्हणून ८० जीएसएमचं एक पान ५ ग्रॅमचं. ए-थ्री असेल तर १० ग्रॅम. अशी ३००० पानं झाली की ३० किलो. एक पान हवेत तरंगणारं आणि तीच थप्पी दोन माणसांनी उचलावी अशी, आणि दोन्ही एकाच ट्रेने सांभाळायचं.

आता कपाटाखाली गेलेल्या कागदाकडे येऊ. तो घसरतो कशामुळे? कागद आणि फरशी यांच्यामध्ये हवा अडकते म्हणून. कागद खाली येतो तशी मधली हवा कडेने बाहेर पळायला बघते, पण फट जितकी लहान होत जाते तितकं हवेला बाहेर पडणं अवघड होत जातं, आणि शेवटचा मिलीमीटरभर कागद त्या हवेच्या गादीवरच बसलेला असतो. घर्षण जवळपास नाहीच, मग जरा धक्का असला की गेला. स्टॅकरमध्ये हेच प्रत्येक कागदाचं होतं, आणि पुढचा कागद ०.६ सेकंदात डोक्यावर येणार असतो. या हवेच्या गादीचा एक फायदा पण आहे बरं का, कागद तरंगत असतानाच बाजूच्या पट्ट्या त्याला सहज सरकवू शकतात, एकदा हवा निघून गेली आणि कागदाला कागद चिकटला की मग थोपटून काही होत नाही. म्हणजे हवा हवी पण आहे आणि वेळेवर निघून पण जायला हवी, सगळा खेळ या टायमिंगचा आहे. गुळगुळीत लेप दिलेला आर्ट पेपर आणि बिनलेपाचा खरखरीत मॅपलिथो कागद स्टॅकरमध्ये वेगळे वागतात त्याचं एक कारण हेच, मॅपलिथोच्या खडबडीत पृष्ठभागातून हवेला वाट मिळते, आर्ट पेपरमध्ये ती मिळत नाही.

आणि कागद किती हलका ते बघा. ८० जीएसएम म्हणजे चौरस मीटरवर फक्त ८० ग्रॅमचा भार. आपण रस्त्याने चालतो साधारण त्या वेगाची, म्हणजे ताशी चारेक किलोमीटरची हवा जर कागदाखाली शिरली तर तिचा दाब कागदाच्या वजनाइतका होतो. म्हणून स्टॅकरचा दरवाजा किंवा झाकण उघडं राहून वर पंखा चालू असेल तर थप्पी वाकडीतिकडी होणारच. नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला मी हेच दाखवतो, पंखा बंद करून शंभर पानं, पंखा लावून शंभर पानं.

पण हवा फार त्रास देत नाही. खरा त्रास देतं ते पाणी.

कोरडा दिसणारा कागद कोरडा नसतो. चांगल्या कागदात साधारण ४ ते ६ टक्के पाणी असतं, म्हणजे अडीच किलोच्या एका ए-फोर रिममध्ये, म्हणजे ५०० पानांच्या गठ्ठ्यात, चहाचा एक कप भरेल एवढं पाणी आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी, आणि हा तंतू पाणी प्यायला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. कागद कारखान्यात बनताना लगदा धावत्या जाळीवर पडतो म्हणून बरेचसे तंतू धावण्याच्या दिशेला झोपतात, त्या दिशेला आम्ही ग्रेन म्हणतो. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडा, सरळ रेषेत फाटत जातं, आडवं फाडायला जा, वाकडंतिकडं फाटतं, तो ग्रेनचाच परिणाम. त्यामुळे दमट हवेत कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त पसरतो आणि उभ्या दिशेला कमी.

आता मशीनमध्ये काय होतं? टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत पूड, ती कागदावर वितळवून पक्की करायची म्हणून कागद फ्यूजरच्या गरम रोलरमधून जातो, दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास. काही क्षणांत कागदातलं पाणी उडतं, आणि दोन्ही बाजूंनी सारखं उडत नाही. गच्चीवर पापड वाळत घातलेत ना, वरची बाजू आधी सुकते, आकसते आणि कडा उचलल्या जातात, म्हणून तर आजी दर थोड्या वेळाने पापड उलटत असे. कागदाचं अगदी तेच होतं, त्याला कर्ल म्हणतात. त्यात टोनर थंड होताना कागदापेक्षा जास्त आकसतो, म्हणून भरगच्च रंग असलेली बाजू आणखी आत ओढली जाते. आणि बाहेर आल्यावर कागद हवेतलं पाणी परत प्यायला लागतो, पण टोनरने झाकलेली बाजू पिऊ शकत नाही, कोरी बाजू पिते आणि फुगते, कर्ल अजून वाढतो.

टोनरने छापणाऱ्या या मशीनची सुरुवात झाली तेव्हापासून कागद आणि उष्णता यांचं भांडण आहे. अमेरिकन संशोधक चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली झेरोग्राफीची, म्हणजे झेरॉक्सच्या पद्धतीची, छाप काढली, तीच तारीख आणि अ‍ॅस्टोरिया एवढंच त्यावर लिहिलेलं होतं, आणि ती छाप त्याने मेणकागदावर उचलून गरम करूनच पक्की केली होती. १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे मशीन आलं तेव्हा आत अडकलेला कागद कधीकधी पेट घ्यायचा म्हणून सोबत चक्क छोटं अग्निशामक द्यायचे. १९७७ च्या झेरॉक्स ९७०० लेझर प्रिंटरने मिनिटाला १२० पानांचा वेग गाठला, म्हणजे सेकंदाला दोन सुटी पानं. आणि एवढ्या वेगाने सुटी पानं बाहेर यायला लागली की ती गोळा करणं हे वेगळंच शास्त्र होतं.

आमच्याकडे गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे मंडळांचे अहवाल. ऐन पावसाळा. एका रात्री असाच एक अहवाल चालू होता, १३० जीएसएम आर्ट पेपर, बारा बाय अठरा इंच, दोन्ही बाजूंनी कलर, फोटो आणि जाहिरातींनी पान गच्च. दीडशे-पावणेदोनशे शीट झाले की मशीन थांबायचं, स्क्रीनवर स्टॅकर जॅम. मी दरवाजा उघडायचो, अडकलेला शीट काढायचो, दरवाजा लावायचो, परत तेवढेच शीट आणि परत जॅम. सेन्सर पुसले, रोलर पुसले, कुठे कागदाचा तुकडा राहिलाय का टॉर्च मारून बघितलं, काही नाही. चौथ्यांदा थांबलं तेव्हा कटिंगचे मामा आले, पंचवीस-तीस वर्षं कागद कापतायत ते. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही, खाली वाकून डोळा थप्पीच्या लेव्हलला आणला आणि म्हणाले, "अरे, मशीनला काय पुसतोयस, कागद बघ की." बघितलं तर थप्पीची मागची कड ताटाच्या काठासारखी वर आलेली. एका शीटचा कर्ल डोळ्याला दिसतही नव्हता, पण दीडशे शीटचा मिळून दोन बोटं उंच बांध झाला होता आणि नवीन येणारा शीट त्या बांधाला जाऊन धडकत होता.

मग मामांनी दुसऱ्या टोकाला नेलं, जिथून कोरा कागद जातो तिथे. आदल्या दुपारी फोडलेली रिम, खिडकीजवळ उघडी. कडांवरून बोट फिरवलं तर लाटा लागत होत्या, कारण गड्डीच्या कडा हवेतलं पाणी पितात आणि मधला भाग तसाच राहतो. हा जादा ओलावा फ्यूजरमध्ये उडत होता आणि म्हणून कर्ल नेहमीपेक्षा जास्त. शिवाय सेटिंगमध्ये मी आधीच्या जॉबचा साधा कागद तसाच ठेवला होता, म्हणजे मशीन आर्ट पेपरला मॅपलिथो समजून तापमान आणि पंखे चालवत होतं. बंद पाकीट फोडलं, सेटिंग १३० आर्ट केलं, डीकर्लर दोन पायऱ्या वाढवला, थप्पीची मर्यादा पाचशेवर आणली. पहाटेपर्यंत उरलेलं सगळं काम एकाही जॅमशिवाय झालं.

डीकर्लर म्हणजे काय तर एक बारीक कडक रोलर आणि त्याला दाबून धरणारा मऊ रोलर, कागद त्या बारीक रोलरभोवती उलटा वाकून जातो. गुंडाळून ठेवलेलं कॅलेंडर सरळ करायला आपण ते उलटं गुंडाळतो ना, तेच.

त्या रात्रीनंतर मी जॅम झाला की आधी कधी झाला ते बघतो. पहिल्याच शीटला झाला तर मार्गात तुकडा राहिलाय किंवा सेन्सरवर कागदाची धूळ बसलीये. सेन्सर म्हणजे प्रकाशाचा किरण, कागद आडवा आला की तुटतो, आणि मशीन घड्याळ लावून बसलेलं असतं की शीट अमुक वेळात इथे पोचला पाहिजे आणि अमुक वेळात निघून गेला पाहिजे, उशीर झाला तरी जॅम आणि रेंगाळला तरी जॅम. धूळ बसली की मशीनला कागद नसताना कागद दिसतो. म्हणून फाटलेला शीट बाहेर काढला की तुकडे टेबलावर जुळवून बघायचे, कोपरा कमी असेल तर तो आतच आहे. शे-दोनशे शीटनंतर झाला तर दोष थप्पीत, म्हणजे कर्ल, नाहीतर चुकीचा साईज. आमच्याकडे बारा बाय अठरा हा पंचवीस बाय छत्तीसच्या मोठ्या शीटमधून कापतात, एकातून चार निघतात, पाती बोथट असली किंवा शीट काटकोनात बसला नाही तर मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा फरक पडतो, आणि बाजूच्या पट्ट्या सेटिंगमधला आकडा धरून थोपटतात, मग थप्पी तिरकी व्हायला लागते. आणि ठराविक पानालाच होत असेल तर डिझाईन बघायचं, एका बाजूला काळा किंवा गडद रंग गच्च आणि दुसरी बाजू जवळपास कोरी असं काहीतरी सापडतं. अशा वेळी कोरा कागद ट्रेमध्ये उलटा लावून बघायचा, कागदाला स्वतःचाही एक कल असतो, तो विरुद्ध बाजूला गेला की बराच फरक पडतो.

हिवाळ्यात दुखणं उलटं. पुण्याची डिसेंबरची हवा कोरडी, कागदातलं पाणी कमी झालं की त्यातून वीज वाहून जात नाही, आणि टोनर कागदावर ओढून घ्यायला मशीन तर विजेचा भारच वापरतं. तो भार शीटवर तसाच राहतो, मग शीट स्टॅकरच्या भिंतीला चिकटतात, एकमेकांना चिकटतात, अर्धवट पुढे जाऊन अडकतात, थप्पीवर हात फिरवला तर हातावरचे केस उभे राहतात. बाहेर पडण्याच्या जागी बारीक तारांचा किंवा कार्बनच्या केसांचा ब्रश असतो तो हा भार उतरवण्यासाठी, त्याचे केस वाकले-तुटलेत का हे हिवाळ्याच्या तोंडावर बघून घ्यावं. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळपास राहिली तर पावसाळा आणि हिवाळा दोन्ही सोपे जातात, भिंतीवर आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर लावायला फार खर्च येत नाही.

थप्पी काढताना एक सांभाळायचं. ट्रे पूर्ण खाली येऊन थांबेपर्यंत हात आत घालायचा नाही, दरवाजाचं लॉक चुकवून तर कधीच नाही, तीस किलो वजन घेऊन लिफ्ट हलत असते.

आणि गच्च रंगाचं काम असेल तर थप्पी तशीच उंच ठेवू नका. कागद उष्णता धरून ठेवतो, वरचा शीट हाताला गार लागला तरी थप्पीचं पोट कितीतरी वेळ कोमट असतं, टोनर अजून पुरता घट्ट झालेला नसतो आणि वरच्या वजनाने शीट एकमेकांना चिकटतात, सोडवायला गेलं की रंग निघून येतो. त्या रात्रीचा अहवाल आम्ही शंभर-शंभरच्या गड्ड्या करून, प्रत्येक गड्डी झटकून मध्ये हवा भरून, दोन टेबलांवर पसरून ठेवला होता. सकाळी मामांनी एक गड्डी उचलली, टेबलावर दोनदा ठोकली, कडेवरून अंगठा फिरवला आणि कटिंगला घेतली.