कान दोनच, मग सात स्पीकर कशाला?

दिवाळीचे सेल लागले की गेमिंग हेडसेटच्या जाहिरातींना ऊत येतो. निम्म्याअधिक खोक्यांवर एकच आकडा ठसठशीत छापलेला असतो: ७.१. माझ्या भाच्याने तेवढ्यावरच एक पसंत करून ठेवला होता. "मामा, यात सात स्पीकर आणि एक सबवूफर आहे. मागून कोणी आलं तरी पावलं कळतात." मी खोकं उलटं करून खालची बारीक अक्षरं वाचून दाखवली. ड्रायव्हर: ५० मिमी, नग दोन. म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर एका कानाला एकच. पठ्ठ्या जराही डगमगला नाही. म्हणाला, "पण मागून ऐकू तर येतं ना?"

येतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. ७.१ ही मुळात खोलीतली मांडणी. श्रोत्याभोवती सात स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजासाठी आठवा. हेडसेटच्या वाटीत ते मावत नाहीत, आणि मावायची गरजही नाही, कारण आवाजाची दिशा ओळखायचं काम स्पीकर करत नाही. ते आपलं डोकं करतं. इथे डोकं म्हणजे बुद्धी नव्हे, कवटीसकटचा तो गोळा.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, हे शाळेत झालंय. दोन कानांमधलं अंतर १७-१८ सेंटीमीटर. उजवीकडे कोणी चुटकी वाजवली तर ती डाव्या कानाला डोक्याला वळसा घालून, जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. तरीही मेंदू एवढाच नाही, तर १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरकही पकडू शकतो. समोरचा आवाज एखाद्या अंशाने सरकला तरी कळतो, तो या हिशेबामुळेच.

पण हा हिशेब सगळ्या आवाजांना लागू पडत नाही. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे नीट मांडलं. खर्जातला २०० हर्ट्झचा आवाज घ्या. त्याची तरंगलांबी १.७ मीटर. एवढ्या लांब लाटेला डोक्याचा अडथळा जाणवतच नाही. ती दोन्ही कानांवर जवळपास सारख्याच जोराने येते, फरक पडतो तो फक्त वेळेचा. ५००० हर्ट्झची लाट मात्र ७ सेंटीमीटरची. तिला डोकं अडवतं, पलीकडच्या कानावर सावली पडते आणि तिथे आवाज स्पष्टपणे कमी होतो. म्हणजे खर्जाला घड्याळ आणि तीव्र स्वरांना सावली. या दोघांची हद्द साधारण १५०० हर्ट्झच्या आसपास येते, आणि तिथेच का, हे मला फार आवडतं. १५०० हर्ट्झला लाटेचा एक पूर्ण फेरा ०.६७ मिलिसेकंदात होतो, म्हणजे डोक्यामुळे होणाऱ्या जास्तीत जास्त उशिराएवढाच. आता डाव्या कानावर आलेलं शिखर उजव्या कानावरच्या नेमक्या कोणत्या शिखराशी जुळवायचं? आत्ताच्या, की त्याच्या आधीच्या? मेंदूला उत्तर सापडत नाही, म्हणून तो घड्याळ बाजूला ठेवून सावलीकडे बघतो.

इथवर डावं-उजवं झालं. पण नाकासमोरचा, डोक्यावरचा आणि पाठीमागचा आवाज घ्या. तिन्ही वेळा दोन्ही कान सारख्याच अंतरावर. वेळेचा फरक शून्य, सावलीचा फरक शून्य. मग मागचं मागे हे कळतं कसं?

ते काम कानाच्या पाळीचं, किंवा नीट सांगायचं तर बाहेरच्या अख्ख्या कानाचं. त्या वळ्या, खळगे, कंगोरे शोभेचे नाहीत. आवाजाचा एक भाग सरळ कानाच्या भोकात जातो, दुसरा एखाद्या वळीवर आपटून मागाहून येतो. समजा, या दुसऱ्याला २ सेंटीमीटर जास्त चालावं लागलं. मग ज्या लाटेची निम्मी लांबी २ सेंटीमीटर आहे, तिचं शिखर आणि दरी एकमेकांवर पडून दोन्ही पुसली जातात. हिशेब केला तर ही लाट साधारण ८६०० हर्ट्झची निघते. म्हणजे त्या आवाजात ८६०० हर्ट्झपाशी एक खाच पडली. आता आवाज वरून आला आणि जास्तीचा रस्ता दीडच सेंटीमीटर उरला, की खाच ११४०० हर्ट्झच्या आसपास सरकते. खऱ्या कानात वळ्या अनेक असतात, त्यामुळे खाचा आणि उंचवटेही अनेक, पण सूत्र हेच. मेंदू जन्मभर या खाचा वाचत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

१९९८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक खट्याळ प्रयोग केला. काही माणसांच्या कानांच्या खळग्यांत साचे बसवून त्यांच्या कानांचा आकारच बदलून टाकला. डावं-उजवं त्यांना पूर्वीसारखंच कळत होतं, पण आवाज वरून येतोय की खालून, हे कळेनासं झालं. काही आठवड्यांत मेंदू नवे कान शिकला. साचे काढल्यावर जुने कान मात्र लगेच आठवले, पुन्हा शिकावं लागलं नाही.

आता हेडसेटकडे या. त्याची वाटी आवाज थेट कानापाशी सोडते, म्हणजे डोकं आणि कानाच्या वळ्या यांचं काम जवळजवळ रद्दच. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारखे खेळ ते काम गणिताने करतात. पुतळ्याच्या किंवा माणसाच्या कानात माइक बसवून प्रत्येक दिशेच्या खाचा, उशीर आणि सावली मोजून ठेवलेली असते, आणि ती शत्रूच्या पावलांवर चढवून दोनच ड्रायव्हरना पाठवली जाते. सेटिंगमध्ये एचआरटीएफ लिहिलेलं असतं ते हेच. हे सुरू करायचं, आणि हेडसेटसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमधलं ७.१ बंद ठेवायचं. दोन्ही सुरू राहिली तर एकदा खाचा पडलेल्या आवाजावर पुन्हा खाचा पडतात आणि दिशेचा पार चुथडा होतो.

अडचण एकच, मोजलेला कान तुमचा नसतो. म्हणून काहींना मागचं पाऊल पुढे वाटतं. प्रत्यक्षात आपण अशा वेळी नकळत मान किंचित वळवतो आणि दोन्ही कानांतला फरक कसा बदलतो त्यावरून निकाल लावतो. खेळात मान वळवून उपयोग नाही, कारण हेडसेटही सोबतच वळतो. पण माउस हलवला की खेळातलं डोकं वळतं. सराईत खेळाडू पावलं ऐकल्यावर माउस इकडून तिकडे झटकतात, त्यातून त्यांना ही माहितीही मिळते.

तेव्हा पैसे ७.१ च्या स्टिकरवर घालवायचे नाहीत. ते आराम आणि माइक यांवर घालवावेत. साधारण ३०० ग्रॅमच्या आतलं वजन बरं. त्याहीपेक्षा महत्त्वाची पकड. सैल असेल तर फटीतून खर्ज गळतो, आवळ असेल तर तासाभरात डोकं ठणकतं. डोक्यावर बाहेरून दाब पडून होणाऱ्या डोकेदुखीला डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे, हे तुमचे लाड नव्हेत. चष्मा असेल तर घालूनच तपासा. काडी कानावर दाबली जाते आणि वाटीच्या कडेच्या गादीला फटही पडते. दुकानात दोन मिनिटं नाही, पंधरा-वीस मिनिटं घालून बसा, दुकानदार रागावला तर रागावू दे. कान अख्खा वाटीच्या आत गेला पाहिजे आणि त्याची कड आतल्या जाळीला टेकता कामा नये. रेक्झिनची गादी बाहेरचा आवाज चांगला अडवते, पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत कान घामेजतात, आणि दोनेक पावसाळ्यांत तिचे काळे पापुद्रे गालाला चिकटू लागतात. कापडी गादी घ्या, किंवा निदान गाद्या बदलता येतात का ते बघा.

माइक तोंडाजवळ येणाऱ्या दांडीचाच हवा. तोंड ३ सेंटीमीटरवर आणि छताचा पंखा २ मीटरवर असेल, तर नुसत्या अंतरामुळे तुमच्या आवाजाला ३६ डेसिबलचा फायदा मिळतो. कुठलंही सॉफ्टवेअर नको. फक्त माइक ओठांसमोर नाही, तोंडाच्या कोपऱ्याशी ठेवा, नाहीतर प्रत्येक 'प' आणि 'फ'ला पलीकडच्याच्या कानात फटाका फुटेल. या माइकमधला कायम विद्युतभारित राहणारा पडदा, म्हणजे इलेक्ट्रेट, वापरून सेस्लर आणि वेस्ट या संशोधकांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत १९६२ साली माइक बनवला. आज तो डाळ-तांदळाच्या भावात मिळतो, त्यामुळे 'स्टुडिओ दर्जा' वगैरे वाचून पाघळू नका.

साध्या ब्लूटूथवर खेळणं टाळा. माइक सुरू झाला की बहुतेक जुन्या हेडसेटमध्ये ऐकू येणारा आवाजही फोनवरच्यासारखा होतो, शिवाय उशीर लागतो तो वेगळाच. वायर किंवा २.४ गिगाहर्ट्झचा डाँगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, बरा. आणि बिनतारी हेडसेटवर चिकटवायच्या त्या 'रेडिएशन शोषणाऱ्या' चकत्या? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जाच नसते. चकतीने त्या खरोखर शोषल्या असत्या तर तुमचा हेडसेटच बंद पडला असता. लिंबू-मिरची निदान स्वस्त तरी पडते.

बंद वाटीच्या हेडसेटने एक घरगुती भांडणही लागतं. आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही, त्यात कानात गोळीबार, मग माणूस आपोआप ओरडून बोलतो. गोंगाटात आवाज असा चढतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी १९११ मध्येच नोंदवलं होतं. उपाय साइडटोन, म्हणजे माइकमधला तुमचा आवाज थोडासा तुमच्याच कानात सोडणं. ही सोय आहे का ते विचारून घ्या, शेजारच्या खोलीत झोपलेले दुवा देतील.

आवाज किती ठेवायचा, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० डेसिबलवर आठवड्याचे चारच तास उरतात, आणि सुट्टी लागल्यावर भाचा ते पहिल्याच दुपारी संपवतो.